गाठ बांधली कशी, सुटते कधी

रावेरकडचं एक पिकलेलं केळं घ्या. वाटीत चांगलं कुस्करा. अर्धा पेला कोमट पाण्यात चमचाभर मीठ आणि भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब घालून ते पाणी त्यात मिसळा आणि दहा मिनिटं ठेवा. मग चहाच्या गाळणीतून गाळून तो गढूळ रस काचेच्या पेल्यात घ्या. फ्रीजरमध्ये गार केलेलं सर्जिकल स्पिरिट पेल्याच्या कडेनं अगदी सावकाश सोडा. दोन थर वेगळे राहिले पाहिजेत. थोड्या वेळात त्यांच्या सीमेवर पांढरट, चिकट धागे वर येऊ लागतात. लाकडी काडी फिरवली की पिंजलेल्या कापसाचा पेळू गुंडाळावा तसे ते काडीला गुंडाळले जातात. हाच केळीचा डीएनए. एक सुटा रेणू डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो असंख्य रेणूंचा पुंजका. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही शाळेत, प्रयोगशाळा नसली तरी, हा प्रयोग होऊ शकतो आणि तो व्हायला हवा.

पण या प्रयोगात आपण काय मोडलं, याकडे सहसा लक्ष जात नाही. साबणानं पेशीची आणि केंद्रकाची स्निग्ध आवरणं फोडली. डीएनए ज्या प्रथिनांना धरून बसला होता, त्यांच्यापासूनही तो बराचसा सुटला. म्हणजे काडीवर आला तो उसवलेला माल. पेशीत तो असा नसतो. तिथे त्याची बांधणी असते, आणि ती बांधणी कशी असते हा प्रश्न दीडशे वर्षं शास्त्रज्ञांना पुरून उरला आहे. या लेखात त्याच प्रश्नाचा आढावा घेतला आहे. खान्देशाच्या कापसात, केळीत आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांच्या रक्तात हा प्रश्न आज उभा आहे, म्हणून तो इथूनच पाहायचा आहे.

आधी माप समजून घेऊ. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सलग जोडून ताणला तर सुमारे २ मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात असतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा, साधारण ६ ते १०. हे आकडे मनात ठरत नाहीत, म्हणून सगळं एक लाख पटींनी मोठं करू. केंद्रक होईल ६० सेंटिमीटरचं, म्हणजे एखाद्या मोठ्या टोपल्याएवढं. डीएनए होईल शिवणाच्या दोऱ्याइतका जाड आणि २०० किलोमीटर लांब. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचं आणि परत यायचं, एवढा दोरा. तो ४६ तुकड्यांत, म्हणजे गुणसूत्रांत आहे आणि सगळा त्या एका टोपल्यात आहे.

इथे वाचक म्हणतो, बापरे, मावतो कसा? पण हिशेब केला तर त्या दोऱ्याचं स्वतःचं आकारमान टोपल्याच्या अठराव्या भागाएवढंच भरतं. मावण्यापुरती जागा भरपूर आहे. अडचण दुसरीच आहे. हा दोरा ताठ आहे, आणि त्याच्यावर सगळीकडे ऋण भार असल्यानं तो स्वतःलाच दूर लोटतो. मोकळा सोडला तर पिंजलेल्या रुईसारखा फुलून टोपल्याबाहेर जाईल. त्यात त्याच्यावरचा मजकूर दिवसभर वाचावा लागतो, तोही ठिकठिकाणी एकाच वेळी. शिवाय पेशी दुभंगताना संपूर्ण दोऱ्याची दुसरी प्रत काढून दोन्ही प्रती गुंता न होता वेगळ्या करायच्या असतात. त्यामुळे बांधणी अशी हवी की जी घट्ट असेल आणि हवी तिथे सुटेलही.

कापसाच्या भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुई प्रेसमध्ये जाते आणि १७० किलोची गाठ बांधून बाहेर पडते. मोकळी रुई असती तर खोली भरली असती. गाठ ट्रकवर चढते, गोदामात थप्पीला लागते. पण सूतगिरणीत पोचल्यावर गाठ फोडल्याशिवाय सूत निघत नाही. पेशीतही तसंच, फक्त तिथे एकाच गाठीचा एक कोपरा आवळलेला आणि दुसरा पिंजलेला असतो, आणि कुठला कोपरा कसा ठेवायचा हे पेशी क्षणोक्षणी ठरवते.

या शोधाची सुरुवात जखमेवरच्या पट्ट्यांपासून झाली. १८६९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगनला फ्रीडरिश मीशर यांनी रुग्णालयातल्या पट्ट्यांवरच्या पुवातून पांढऱ्या पेशी धुऊन काढल्या आणि त्यांच्या केंद्रकात एक नवा, फॉस्फरसयुक्त पदार्थ दाखवला. पुढच्या दशकात वाल्थर फ्लेमिंग यांनी रंग पिणाऱ्या त्या द्रव्याला क्रोमॅटिन हे नाव दिलं. १८८४ मध्ये आल्ब्रेख्ट कोसेल यांनी हंसाच्या रक्तपेशींच्या केंद्रकातून हिस्टोन हे प्रथिन वेगळं केलं. हंसाचं रक्त निवडण्यात मोठी सोय होती, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं. आपल्या तांबड्या पेशी रक्तात उतरण्याआधीच ते टाकून देतात. रक्ताकडे आपल्याला परत यायचं आहे.

हिस्टोन नेमकं करतं काय, हे कळायला पुढची नव्वद वर्षं गेली. १९५३ मध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सापडली आणि सगळ्यांचं लक्ष तिच्यावरच्या रासायनिक अक्षरांवर गेलं. दोरा कशाभोवती गुंडाळलाय, हे बघायला फारसं कुणाला सुचलं नाही. १९७३ मध्ये ह्यूइश आणि बर्गॉइन यांनी यकृतपेशींतला डीएनए पेशीतल्याच विकरानं तुटू दिला, तर तुकडे मनमानी लांबीचे न पडता एका ठरलेल्या मापाच्या पटीत पडले. म्हणजे दोऱ्यावर ठरावीक अंतरानं काहीतरी बसलेलं होतं. १९७४ मध्ये ऑलिन्स दांपत्यानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दोऱ्यात ओवलेले मणी दाखवले आणि त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी मण्याची घडण सांगितली. चार प्रकारच्या हिस्टोनचे प्रत्येकी दोन, असे आठ रेणू मिळून एक रीळ होतं आणि त्यावर डीएनए गुंडाळतो. १९९७ मध्ये कॅरोलिन लुगर, टिमथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी त्याचं अणुपातळीवरचं चित्र काढलं. १४६-१४७ अक्षरं, पावणेदोनला थोडे कमी वेढे. या रिळाला न्यूक्लिओसोम म्हणतात. आपल्या टोपल्यात ते मोहरीच्या दाण्याएवढं होईल, त्यावर पाऊण सेंटिमीटरहून कमी दोरा, आणि असे दाणे साधारण ३ कोटी.

इथवर वाद नाही. पुढे आहे.

बारावीच्या पुस्तकात न्यूक्लिओसोमनंतर एक सुबक चित्र असतं. मण्यांची माळ पुन्हा स्प्रिंगसारखी वळते आणि ३० नॅनोमीटर जाडीचा दोर होतो. त्याला सोलेनॉइड म्हणतात. ही कल्पना केंब्रिजच्या फिंच आणि क्लुग यांनी १९७६ मध्ये मांडली, आणि परीक्षानळीत ती खरीही ठरते. पण जिवंत पेशीत असा दोर सर्वत्र असल्याचा पुरावा जमेना. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या क्लोडाघ ओशे यांच्या गटानं केंद्रकातला डीएनए एका खास रंगानं ठळक करून त्याचं त्रिमितीय चित्र घेतलं. त्यांना ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, वेड्यावाकड्या, लवचिक माळा दिसल्या. फरक होता तो दाटीचा. कुठे माळा विरळ, कुठे खच्चून भरलेल्या. सोलेनॉइडचं चित्र पुस्तकातून काढावं असं मी म्हणणार नाही, पण शिक्षकांनी त्याखाली एक वाक्य जरूर जोडावं, की बहुतेक जिवंत पेशींत हे चित्र टिकलेलं नाही. सुबक पायऱ्यांची शिडी पाठ करायला सोपी, पण पेशी त्या शिडीनं चढत नाही.

मग मोठ्या प्रमाणावर रचना आहे तरी कुठली? ती दाखवणारी युक्ती २००२ साली जॉब डेकर यांनी काढली. टोपल्यातला सगळा दोरा जागच्या जागी डिंकानं चिकटवायचा, मग कात्रीनं तुकडे करायचे, शेजारी चिकटलेली टोकं एकमेकांना जोडायची आणि जोडलेल्या तुकड्यांवरची अक्षरं वाचायची. दोऱ्यावर बऱ्याच अंतरावरचे दोन बिंदू जोडलेले निघाले, तर टोपल्यात ते एकमेकांना खेटून होते हे उघड आहे. २००९ मध्ये हीच युक्ती संपूर्ण जनुकसंचाला लावली गेली, आणि २०१२ पर्यंत असं चित्र उभं राहिलं की प्रत्येक गुणसूत्र वाड्या-वस्त्यांत वाटलेलं असतं. एका वस्तीतले भाग आपापसांत सतत भेटतात, शेजारच्या वस्तीशी क्वचित.

या वस्त्या बनतात कशा, याचं उत्तर मला सगळ्या विषयात सर्वांत देखणं वाटतं. कोहेसिन नावाचं प्रथिनांचं कडं दोऱ्यावर बसतं आणि अंगठीतून ओढणी ओढावी तसा दोरा स्वतःतून ओढत राहतं. फास मोठा होत जातो. वाटेत सीटीसीएफ नावाचं प्रथिन योग्य तोंडानं बसलेलं असलं की ओढणं थांबतं. बरीच वर्षं हे गणितात आणि संगणकात होतं. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये कोहेसिनचं भावंड असलेलं कॉन्डेन्सिन प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली फास ओढताना दिसलं, सेकंदाला दीड हजार अक्षरांपर्यंत वेगानं. पुढच्याच वर्षी कोहेसिनही तसंच करताना दिसलं. पेशी दुभंगताना हेच कॉन्डेन्सिन दोऱ्याच्या फासावर फास घालून आपल्या ओळखीची आखूड, जाड गुणसूत्रं तयार करतं.

या वस्त्यांचं महत्त्व किती, यावर मात्र एकमत नाही. २०१५ मध्ये बर्लिनच्या गटानं दाखवलं की वस्तीची सीमा पुसली गेली की शेजारच्या वस्तीतला जनुक चालू करणारा स्विच भलत्याच जनुकाला लागतो आणि हातापायांची बोटं वाकडी किंवा जोडलेली होतात. पण २०१७ मध्ये पेशीतून कोहेसिनच काढून टाकलं तेव्हा वस्त्या विरल्या, तरी बहुतेक जनुकांचं काम थोडंच हललं. दोन्ही निकाल खरे आहेत. माझं मत असं की तयार झालेल्या पेशीला भिंती नसल्या तरी काही काळ चालतं. घडत असलेल्या गर्भाला चालत नाही.

रिळं घट्ट की सैल, हे ठरवणाऱ्या खुणांचं शास्त्र याच्या जोडीनं वाढलं. हिस्टोनची शेपटं रिळाबाहेर लोंबतात. त्यांवर ॲसिटिल गट बसले की पकड ढिली पडते आणि काढले की आवळते. व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच असं सुचवलं होतं. तीस वर्षं ते बाजूला पडलं, मग १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेनं एका एकपेशीय जीवातून तो गट बसवणारं विकर शोधलं आणि विषयाला भरती आली. महाराष्ट्रात या विषयाचं नाव घ्यायचं तर पुण्याचं घ्यावं लागतं. तिथे संजीव गलांडे यांनी रोगप्रतिकारक टी-पेशींतल्या सॅटबी-१ या प्रथिनावर काम केलं. हे प्रथिन क्रोमॅटिनचे फास जागच्या जागी धरून ठेवतं. या क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना २०१० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

आता शेतात येऊ. बोंडातून निघालेला रुईचा एक तंतू म्हणजे एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरची एक पेशी अडीच-तीन सेंटिमीटर लांब वाढते, आपल्याला चिमटीत धरता येते. अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२ गुणसूत्रं असतात, देशी कपाशीत २६, कारण अमेरिकन कपाशी दोन वेगळ्या पूर्वजांच्या संकरातून झाली आणि तिनं दोघांचेही संच जपले. २०१७ मध्ये टेक्सास आणि चीनमधल्या संशोधकांनी रानटी आणि लागवडीची कपाशी ताडून पाहिली. पाचशेहून अधिक जनुकांत डीएनएवरच्या, जनुकाला कुलूप घालणाऱ्या मिथाइल खुणा वेगळ्या निघाल्या. त्यातलं एक जनुक फुलोऱ्याचं. रानटी कपाशी दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. लागवडीच्या कपाशीत या जनुकावरच्या खुणा गेल्या, ते जागं झालं आणि झाड दिवसाच्या लांबीची वाट न पाहता फुलू लागलं. फरक पडला तो कुलूप निघाल्यानं.

बीटी कपाशीच्या पाकिटामागेही हीच गोष्ट आहे. मार्च २००२ मध्ये भारतात मंजूर झालेलं बीटी जनुक मॉन-५३१ या 'इव्हेंट'चं. इव्हेंट म्हणजे ते जनुक गुणसूत्रावर ज्या एका जागी जाऊन बसलं ती घटना. जनुक तेच, पण घट्ट आवळलेल्या भागात पडलं तर गप्प बसतं आणि मोकळ्या भागात पडलं तर काम करतं. हरमन म्युलर यांनी १९३० मध्ये फळमाशीच्या ठिपकेदार डोळ्यांत हा स्थानपरिणाम पाहिला होता. म्हणून ढिगानं झाडं तयार करून त्यांतलं एक निवडावं लागतं, आणि मग तीच जागा संकरानं शेकडो वाणांत न्यावी लागते.

केळीचं दुखणं जास्त जवळचं आहे. जळगावात ग्रँड नैन वाणाची टिश्यू कल्चरची रोपं आली तसे बागा एकसारख्या निसवू लागल्या आणि कांदेबाग-मृगबाग या लागवडीच्या दोन हंगामांचा हिशेब सुधारला. पण टिश्यूच्या लॉटमध्ये अधूनमधून बुटकी, आखडलेल्या पानांची भेसळ झाडं निघतात हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. सगळी एकाच कंदाची लेकरं, तरी एक वेगळं कसं? काही वेळा अक्षरंच बदललेली असतात. काही वेळा खुणा बदलतात. काचेच्या बाटलीत संप्रेरकांवर वाढताना पेशीला आपली आधीची बांधणी विसरून नव्यानं बांधावी लागते, आणि चुका तिथे होतात. २००१ मध्ये मेक्सिकोतल्या संशोधकांनी टिश्यूच्या केळीत आणि मुनव्यांपासून वाढवलेल्या केळीत मिथाइल खुणांचे फरक मोजून दाखवले. ताडतेलाच्या झाडात तर २०१५ मध्ये थेट गुन्हेगारच सापडला. 'कर्मा' नावाच्या एका भटक्या डीएनए तुकड्यावरच्या खुणा उडाल्या की फळ विद्रूप होतं आणि तेल जातं. म्हणूनच चांगली प्रयोगशाळा एका मातृकंदापासून किती वेळा रोपं फोडायची यावर मर्यादा ठेवते. रोप घेताना दराइतकीच ही मर्यादा विचारायला हवी.

शेवटी रक्ताकडे, आणि इथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर आणि १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग असलेला नंदुरबार जिल्हा. या सातपुड्याच्या आणि पश्चिमेकडच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दांडे होतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मूल रात्रभर हाडं दुखतात म्हणून रडतं.

पण जन्मल्याबरोबर त्याला काहीच होत नाही. पहिले काही महिने बाळ ठणठणीत असतं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी याचं कारण ओळखलं. पोटात असताना बाळ गॅमा साखळीचं, गर्भाचं हिमोग्लोबिन वापरतं आणि ते चिकटत नाही. ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर ही जनुकं एका ओळीत आहेत. आधी भ्रूणाचं, मग गर्भाची दोन, शेवटी प्रौढाची. ओळीच्या अलीकडे, हजारो अक्षरं लांब, एक जबरदस्त स्विच आहे. २००२ मध्ये रॉटरडॅमच्या गटानं उंदरात दाखवलं की दोरा वाकून फास होतो आणि हा स्विच चालू जनुकाला जाऊन टेकतो. जन्मानंतर तो गॅमाला सोडून बीटाकडे वळतो. गॅमा जनुकाला कुलूप लावतं ते बीसीएल-११-ए हे प्रथिन. ते हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढणारी मंडळी बोलावतं आणि तो भाग आवळतो. मुलाजवळ निरोगी जनुक असतं, पण ते बंद असतं.

मग ते उघडता येईल का? २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी प्रौढ पेशीत मुद्दाम दोरा वाकवून स्विच गॅमाला टेकवला, आणि गर्भाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागलं. फास हा कारण असतो की नुसता परिणाम, या वादाला इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळालं असेल. त्याआधी २०१३ मध्ये बीसीएल-११-ए जनुकाचा स्वतःचा एक स्विच सापडला होता, जो फक्त तांबड्या पेशींच्या वंशात उघडा असतो. तेवढाच कापला तर मेंदूतलं आणि रोगप्रतिकारक पेशींतलं त्याचं काम अबाधित राहतं. याच जागी क्रिस्परची कात्री चालवणारा उपचार ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ रोजी मंजूर झाला. मंजुरीच्या वेळी अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर होती. त्यासाठी रुग्णाची अस्थिमज्जा औषधांनी रिकामी करून बदललेल्या मूळपेशी परत द्याव्या लागतात. सातपुड्यातल्या तोरणमाळच्या पाड्यावरच्या मुलापर्यंत हे आज पोचत नाही.

पोचू शकते ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. ती गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवते, दुखण्याचे झटके कमी करते, आणि सरकारी उपचारात तिचा समावेश आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी रक्त तपासत ती घ्यावी लागते. दुसरी एक गोष्ट निसर्गानंच दिली आहे. भारतातल्या अनेक रुग्णांत सिकल जनुक ज्या वंशपट्टीवर आलं, तिच्यासोबत गर्भाचं हिमोग्लोबिन थोडं जास्त राहतं, त्यामुळे काहींचा आजार सौम्य असतो. पण सौम्य म्हणजे नाही असं नव्हे. सौम्य आजारही एखाद्या तापात किंवा बाळंतपणात जिवावर उठतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. उद्दिष्ट ठरलं ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून तपासल्याशिवाय ते कळतही नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या सातपुडा पट्ट्यात ज्यांच्या घरी लग्न ठरतंय किंवा बाळ येणार आहे, त्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात दोघांचंही रक्त तपासून घ्यावं. थेंबभर रक्त लागतं आणि तपासणी मोफत होते.